सहा आकृतींची प्राणिसृष्टी : प्रस्तावना

भूमितीचे शिक्षण व्याख्येपासून सुरू करावे की वस्तूपासून, हा वाद शिक्षणशास्त्रात जुना आहे. परंतु पाच वर्षांच्या मुलापुढे रंगीत त्रिकोण, चौरस आणि षट्कोन यांची एक रास ओतली, आणि ‘यातून तुला हवा तो प्राणी कर’ एवढेच सांगून शिक्षक बाजूस बसला, तर त्या वादाचा निकाल ते मूल आपल्यापुरता तत्काळ लावून टाकते. षट्कोन त्याच्या हाती येतो तो पोट म्हणून, त्रिकोण येतो तो शिंग किंवा चोच म्हणून, आणि समलंब चौकोन येतो तो बैलाच्या वशिंडासाठी. आणि पाहता पाहता सतरंजीवर असा एक जीव उभा राहतो की, त्याला पाय किती, त्याचे तोंड कोणीकडे, तो राहतो कोठे आणि खातो काय, हे सर्व त्याच्या कर्त्याला निःसंशय ठाऊक असते. या खेळाची ओळख भंडारा जिल्ह्यातील अंगणवाडी-सेविका, प्राथमिक शिक्षक आणि पालक यांना करून द्यावी, त्याचे मूळ कोठे आहे, त्यात गणित किती आहे आणि भाषा किती आहे, हे सावकाशपणे सांगावे, हा पुढील पानांचा आणि या प्रस्तावनेचा हेतू आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट होय. या खेळाला एक नव्हे, दोन अंगे आहेत: प्राणी रचणे हे एक, आणि रचलेल्या प्राण्याचे वर्णन करणे हे दुसरे. पहिल्यात हात आणि डोळा यांचे काम आहे, दुसऱ्यात वाणी आणि विचार यांचे. आणि माझे असे निश्चित मत आहे की, दुसऱ्यावाचून पहिले अपुरे राहते. मुलाने बैल केला, शिक्षकाने ‘छान’ म्हटले, आणि तुकडे पेटीत गेले, तर त्या बैलाबरोबर बरेचसे शिक्षणही पेटीतच गेले असे समजावे.

ज्या आकृतीसंचावर हा खेळ उभा आहे, त्याचे काम एडवर्ड प्रेनोविट्झ यांनी १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात, ‘एलिमेंटरी सायन्स स्टडी’ या प्राथमिक विज्ञानशिक्षणाच्या प्रकल्पात आरंभिले. ‘पॅटर्न ब्लॉक्स’ या नावाने तो पुढे देशोदेशीच्या शाळांत गेला. त्यात आकृती अवघ्या सहा: पिवळा षट्कोन, तांबडा समलंब चौकोन, निळा समभुज चौकोन, हिरवा समभुज त्रिकोण, नारिंगी चौरस आणि फिकट बदामी रंगाचा निमुळता समभुज चौकोन. समलंब चौकोनाची लांब बाजू तेवढी दोन इंचांची. बाकी सर्व आकृतींच्या सर्व बाजू एक इंचाच्या. यामुळे कोणत्याही तुकड्याची कड दुसऱ्या कोणत्याही तुकड्याच्या कडेशी बेमालूम जुळते, आणि ज्या मुलाच्या बोटांत अद्याप कात्री धरण्याइतकीही स्थिरता आलेली नाही, त्याची रचनासुद्धा नीटस दिसते. कोनांची योजनाही अशीच विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येक कोन ३० अंशांच्या पटीत असल्यामुळे एका बिंदूभोवती निमुळत्या चौकोनाची बारा टोके जुळतात, त्रिकोणाची सहा, चौरसाचे चार कोपरे आणि षट्कोनाचे तीन. मुलाला अंशांची वार्ताही नसते, परंतु बारा टोकांचे फूल पुरे झाले, तेरावे टोक आत जात नाही, हे त्याच्या बोटांना कळलेले असते.

क्षेत्रफळाचा व्यवहार तर याहून मनोरम आहे. सहा हिरवे त्रिकोण जुळवले की षट्कोन होतो, तीन निळे समभुज चौकोन जुळवले तरी तोच होतो, आणि दोन तांबडे समलंब चौकोन जुळवले तरीही तोच. त्यामुळे कासवाची पाठ करताना पिवळे तुकडे संपले म्हणून मूल अडून बसत नाही, ते हिरव्यांनी भरपाई करते, आणि तसे करताना अपूर्णांकाचा पहिला धडा, त्याचे नाव कानी पडण्याच्या कितीतरी आधी, गिरवून जाते. नारिंगी चौरस आणि बदामी निमुळता चौकोन यांचा हिशेब मात्र स्वतंत्र आहे. दोन निमुळत्या चौकोनांचे क्षेत्रफळ एका चौरसाइतके भरते. परंतु चौरस कितीही घेतले तरी त्यांचे क्षेत्रफळ त्रिकोणांच्या पूर्ण संख्येत कधीच बसत नाही, कारण त्या दोहोंच्या मध्ये तीनचे वर्गमूळ उभे आहे. म्हणजे ज्या अपरिमेय संख्येची गाठ विद्यार्थ्याला माध्यमिक शाळेत पडायची, ती बालवाडीच्या सतरंजीवर अज्ञातपणे येऊन बसलेली असते.

अशा तुकड्यांची कल्पना मात्र १९६३ सालाहून पुष्कळच जुनी आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाची जी संस्था काढली, आणि जिला १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले, तिच्या साधनांत लाकडी ठोकळ्यांच्या पाठोपाठ चौरस व त्रिकोण यांच्या पातळ पट्ट्या होत्या. फ्रोबेल तारुण्यात बर्लिन येथे स्फटिकशास्त्रज्ञ वाइस यांच्या हाताखाली खनिजसंग्रहालयात काम करीत असत. स्फटिकाच्या नियमबद्ध कोनांतून सृष्टीचे सारे वैचित्र्य प्रकट होते हा तेथे झालेला संस्कार त्यांच्या बालशिक्षणात उतरला. एकाच साधनातून मूल तीन प्रकारची रूपे घडवते, असे ते मानीत: घर, झाड, प्राणी अशी जीवनातली रूपे, नक्षी आणि सममिती यांची सौंदर्यरूपे, आणि संख्या व आकार यांचा संबंध दाखवणारी ज्ञानरूपे. यांतील मर्म असे की, ही तीन दालने फ्रोबेल यांनी भिंत घालून वेगळी केली नाहीत. मोर करू लागलेले मूल पिसाऱ्याच्या दोन बाजू सारख्या असाव्यात म्हणून धडपडते, तेव्हा ते जीवनातून सौंदर्यात येते. आणि दोन्ही बाजूंचे तुकडे मोजू लागते, तेव्हा सौंदर्यातून ज्ञानात येते. प्रशियाच्या सरकारने १८५१ साली या बालोद्यानांवर बंदीचा हुकूम काढला आणि तो १८६० पर्यंत अमलात राहिला. तथापि कल्पना सरकारी हुकुमाने मरत नसते, आणि हीही मेली नाही.

आपल्याकडे ही परंपरा मॉन्टेसोरी पद्धतीच्या द्वारे आली. मारिया मॉन्टेसोरी यांनी १९०७ साली रोम शहरात बालगृह उघडले. १९२० साली गिजुभाई बधेका यांनी भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी ते काम महाराष्ट्रात आणून १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, ग्रामीण आणि आदिवासी मुलांच्या अंगणात नेऊन पोहोचविले. या दोघींचे खरे कर्तृत्व असे की, परदेशी साधन परवडत नाही म्हणून त्या हात बांधून बसल्या नाहीत. शिंपले, बिया, दगडगोटे, पाने असे जे जे परिसरात विनामूल्य मिळे, त्यातून त्यांनी शिक्षणाचे साधन सिद्ध केले. कोसबाडचा तो परिसर वारली लोकांचा आहे, हाही योग लक्षात घेण्याजोगा आहे. वारली चित्रात मनुष्याचे धड म्हणजे टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण. आणि एवढ्या अल्प सामग्रीत तेथील माणसे नाचतात, पेरतात, ओझी वाहतात. मोजक्या आकृतींतून सजीवसृष्टी उभी करण्याची विद्या महाराष्ट्राला परकी नाही, याचा याहून भक्कम दाखला मला ठाऊक नाही.

भंडारा जिल्ह्यात तर हा दाखला घरोघरी सापडतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो, आणि लहान मुले आपले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढीत, दारोदार नेतात. त्या बैलाकडे कारागिराच्या दृष्टीने पाहावे: अंग म्हणजे एक ठोकळा, पाय म्हणजे सरळ खुंट, खाली पाट आणि चाके, परंतु वशिंडाचा उंचवटा आणि शिंगांची वळणे ही दोन लक्षणे अचूक साधली असल्यामुळे तो बैल नव्हे असे म्हणण्याची कोणाची छाती होत नाही. लक्षण कोणते आणि तपशील कोणता, काय ठेवले म्हणजे प्राणी ओळखू येतो आणि काय गाळले तरी चालते, याचा हा निवाडा आकृतींचे प्राणी करणाऱ्या मुलालाही पावलोपावली करावा लागतो. तसेच मोहाडी, आंधळगाव, पवनी येथील कोष्ट्यांच्या मागावर जे कोशाचे वस्त्र विणले जाते, त्याच्या करवती काठात करवतीच्या दात्यांसारखी त्रिकोणांची ओळ चालते. ज्या घरात हा काठ रोज दृष्टीस पडतो, त्या घरातील मुलाला त्रिकोणांची आवर्तने शिकवायला पुस्तक कशाला हवे?

शिवाय प्राण्यांच्या बाबतीत हा जिल्हा विलक्षण समृद्ध आहे. वैनगंगा आणि तिला मिळणाऱ्या सूर, बावनथडी, चुलबंद या नद्या, मालगुजारीच्या अमदानीत बांधले गेलेले आणि आज ‘मामा तलाव’ म्हणून दप्तरी नोंदलेले असंख्य तलाव, त्यांच्या पाण्यावर पिकणारी धानाची बांधी, आणि साकोलीकडे गेले की नागझिऱ्याचे व भंडाऱ्याच्या ईशान्येस कोक्याचे अरण्य, अशा प्रदेशात वाढणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत बगळा, खेकडा, कासव, मासोळी, रानगवा, अस्वल यांची चित्रे पुस्तकातून आलेली नसतात. ढिवरांच्या वस्तीतील मूल मासा करते तेव्हा परांची जागा चुकत नाही. ऐनाच्या झाडावर कोशाचे किडे पोसणाऱ्या कुटुंबातील मूल किडा करते तेव्हा तो हिरवा असतो आणि त्याच्या अंगाला वळ्या असतात. त्या किड्याचा कोश मात्र लंबगोल, आणि या संचात एकही वक्र रेषा नाही! येथे मूल थबकते, मग षट्कोनाच्या दोन बाजूंना दोन समलंब चौकोन लावून पाहते, आणि ‘जवळपास तसाच’ या निर्णयाला येते. वर्तुळाला बहुभुजाकृतीने गाठू पाहणाऱ्या आर्किमिडीजने केले ते याच जातीचे कार्य होते, असे म्हणण्यात मला यत्किंचितही अतिशयोक्ती वाटत नाही.

काही वाचकांच्या मनात चिनी टॅनग्रॅमची आठवण आली असेल. एका चौरसाचे सात तुकडे आणि त्यांतून साधावयाच्या शेकडो छायाकृती, हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून जगभर पसरला आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतही त्याने स्थान मिळविले. तो खेळ उत्तमच आहे. परंतु त्यात बहुधा आकृती दुसऱ्याने दिलेली असते आणि मुलाने ती भरायची असते. येथे तुकड्यांची संख्या ठरलेली नाही आणि प्राणी मुलाच्या मनातला आहे. म्हणून तेथे कसोटी लागते ती कोडे सोडविण्याची, येथे लागते ती कल्पना आकारास आणण्याची; आणि कल्पना ज्याची, तिचे वर्णन करण्याचा अधिकारही त्याचाच.

येथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. १९५७ साली नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात पिएर व्हान हीले आणि डिना व्हान हीले-गेल्डोफ या शिक्षक दांपत्याने भूमितीच्या आकलनाविषयी प्रबंध सादर केले. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे: भूमितीच्या विचाराला पायऱ्या आहेत आणि त्या ओलांडून उडी मारता येत नाही. पहिल्या पायरीवर मूल आकृती तिच्या एकंदर रूपावरून ओळखते. म्हणूनच सरळ ठेवलेल्या चौरसाला ते चौकोन म्हणते, आणि तोच चौरस कोपऱ्यावर उभा केला की त्याला शंकरपाळे म्हणते. दुसऱ्या पायरीवर रूप मागे पडते आणि गुणधर्म पुढे येतात. चारही बाजू सारख्या आहेत, कोपरे काटकोनी आहेत, मग तो कसाही ठेवला तरी तोच आहे, हे कळू लागते. तिसऱ्या पायरीवर गुणधर्मांचा एकमेकांशी संबंध लागतो, आणि सिद्धता त्यापुढे येते. पहिल्या पायरीवरून दुसरीवर मूल कसे जाते? वय वाढल्याने आपोआप जात नाही, असे व्हान हीले सांगतात. त्यासाठी जे पाहिले व हाताळले ते स्वतःच्या शब्दांत मांडण्याची एक अवस्था शिक्षणात मुद्दाम योजावी लागते. पिएर व्हान हीले यांनी १९९९ साली शिक्षकांसाठी लिहिलेल्या लेखात आरंभ खेळापासून, तुकड्यांच्या एका कोड्यापासूनच, केला आहे.

आता आपल्या मुलाकडे वळू. समजा, त्याने बगळा केला, आणि सेविकेने विचारले, ‘याच्याविषयी मला सांग.’ मूल म्हणते, हा बगळा आहे. याचा एक पाय दुमडलेला आहे. कारण तो मासा पाहतो आहे. या तीन वाक्यांत एक नाम आहे, एक निरीक्षण आहे, आणि एक कारण आहे; निबंधलेखनाचे जे काही सार आहे ते यात बीजरूपाने आले. पुढे सेविका विचारते, ‘मान कशाची केलीस?’ तेव्हा त्याला आकृतीचे नाव हवे असते, आणि ते नाव त्या क्षणी पुरविले तर ते जन्मभर राहते, कारण गरज आधी निर्माण झालेली आहे. याच खेळाची पुढची पायरी म्हणजे दोन मुलांनी पाठीला पाठ लावून बसावे, एकाने आपला प्राणी शब्दांनी सांगावा आणि दुसऱ्याने तो न पाहता रचावा. ‘त्रिकोण ठेव’ एवढे सांगून भागत नाही. टोक वर की खाली, षट्कोनाच्या कोणत्या कडेला, कड कडेला लावून की टोक टोकाला, हे सर्व सांगावे लागते. आणि दोन बैल जेव्हा निरनिराळे निघतात, तेव्हा दोष रचनेचा की सांगण्याचा, याची चौकशी ती मुले आपसांत मोठ्या कसोशीने करतात. ज्या व्याख्येचा आपण आरंभी उल्लेख केला, ती येथे जन्मास येते. नेमक्या शब्दावाचून काम अडते, हे ज्याने अनुभवले, त्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही. तो ती मागू लागतो.

वर्णन कोणत्या भाषेत व्हावे, हा प्रश्न भंडाऱ्यात विशेष महत्त्वाचा आहे. येथील बहुसंख्य मुले घरी झाडीबोली बोलतात. तुमसर, मोहाडीकडे पोवारी ऐकू येते. आदिवासी पाड्यांवर गोंडीचा वावर आहे. झाडीबोलीचा अभ्यास साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या व्यासंगी अभ्यासकांनी केला असून, तिला स्वतःची ध्वनिव्यवस्था व शब्दसंपदा आहे हे आता सिद्ध करीत बसण्याचे कारण उरलेले नाही. असे असता मुलाने आपल्या बैलाच्या डोळ्याला ‘डोरा’ म्हटले आणि शिक्षकाने तेथेच त्याला अडवून शुद्ध उच्चार करायला लावला, तर काय घडते? बैलाविषयी जी दहा वाक्ये यायची होती ती येत नाहीत, आणि आपल्याजवळ जे आहे ते शाळेच्या योग्यतेचे नाही, अशी एक खूणगाठ कोवळ्या मनात बांधली जाते. प्रमाण मराठी मुलाला यायलाच हवी, त्याविषयी माझ्या मनात तिळमात्र किंतु नाही. परंतु तिच्याकडे जाणारी वाट मुलाच्या घरच्या बोलीतूनच जाते. प्रथम त्याचे म्हणणे त्याच्या बोलीत पुरते ऐकून घ्यावे, आणि मग तेच म्हणणे शिक्षकाने आपल्या वाक्यात सहज पुन्हा उच्चारावे. दोन्ही रूपे एकमेकांशेजारी ऐकत ऐकत मूल दुसरी भाषा पहिलीचा त्याग न करता आपलीशी करते.

साधनाच्या खर्चाची सबब येथे टिकणारी नाही. विकतचे संच मिळतात, आणि मिळाल्यास घ्यावेत. न मिळाल्यास जाड पुठ्ठा, जुन्या लग्नपत्रिका, कंपास आणि कात्री एवढ्या जिनसा पुरेत. अडीच सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे आणि कंपासचे तेच अंतर कायम ठेवून परिघावर खुणा कराव्यात. बरोबर सहा खुणा होतात, कारण षट्कोनाची बाजू आणि वर्तुळाची त्रिज्या समान असते. खुणा जोडल्या की षट्कोन झाला. समोरासमोरचे कोपरे जोडून कापला की सहा त्रिकोण झाले. समोरासमोरच्या दोनच कोपऱ्यांतून एकदाच कापला की दोन समलंब चौकोन झाले. दोन त्रिकोणांइतका तुकडा एकसंध ठेवला की समभुज चौकोन झाला. चौरसाची बाजू तीच घ्यावी, आणि निमुळत्या चौकोनासाठी साठ अंशांचा कोन दुभागून तीस अंशांचा करावा. बाजूंच्या समानतेत मात्र हयगय करू नये, कारण साऱ्या खेळाची मदार तिच्यावर आहे. पाचवीच्या वर्गाकडून हे तुकडे कापून घेतले, तर मोठ्यांची भूमिती आणि लहानांचा खेळ अशी दोन्ही कामे एकाच खटाटोपात पार पडतात.

शिक्षकांना दोन-तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. नमुना पुढे ठेवून ‘असा कर’ असे आरंभी सांगू नये. पुढील पानांतील आकृती मुलांना दाखविण्यासाठी नसून शिक्षकांनी आधी स्वतः करून पाहण्यासाठी आहेत. गाय निळी का आणि वाघाला पाच पाय का, असा उलटतपास घेऊ नये. पाचवा पाय शेपूट असू शकते, आणि नसला तरी तो का आहे हे मुलाच्या तोंडून कळू द्यावे. प्राण्यांना गुण देऊ नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, तारखेनिशी, एका वहीत टिपून ठेवावे. वर्षाच्या आरंभी ‘हा बैल’ एवढ्यावर थांबणारे मूल वर्षाच्या अखेरीस ‘याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत, म्हणून हा समोरून पाहतो आहे’ असे सांगू लागले, तर त्याच्या प्रगतीचा याहून विश्वसनीय दस्तऐवज कोणत्याही तपासनीसाला दाखविता येणार नाही.

कारण प्रमेयाची सिद्धता म्हणजे तरी अखेर काय असते? जे आपल्याला दिसले, ते दुसऱ्याला पटेल अशा क्रमाने, नेमक्या शब्दांत आणि कारणासह सांगणे. ही सवय नवव्या इयत्तेत एकाएकी लावता येत नाही. आपल्याकडील कितीतरी बुद्धिमान मुले भूमितीला भितात ती बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, तर पाहिलेले सांगण्याची संधी त्यांना वेळेवर मिळाली नाही म्हणून. ती संधी द्यायला इमारत लागत नाही, अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. सहा आकृती लागतात आणि ऐकून घेणारे एक मोठे माणूस लागते. भंडाऱ्याच्या सेविकांनी आणि शिक्षकांनी म्हणून ही पाने वाचून बाजूस ठेवू नयेत. तुकडे कापावेत, ते मुलांच्या हाती द्यावेत, आणि मुले जे सांगतील ते लिहून घ्यावे.